दादाची कात्री

दादा, तुझ्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबाला तुझा फ्लेक्स बांधलाय. मधे तू, फेटा घातलेला, आणि भोवती सोळा जणांचे फोटो. त्यातल्या एकानंही तुझ्याकडून कधी डोकेदुखीची गोळी घेतली नसेल. दोघांचे फोटो तर तुझ्यापेक्षा मोठे आहेत. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'गोरगरिबांचा डॉक्टर हरपला'.

तुला माहीत आहे, तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये लोकांचा पू, थुंकी, लघवी हाताळतेय आणि हात धुऊन तिथंच शेजारच्या खोलीत डबा खातेय. त्या कशाचीच मला शिसारी आली नाही. त्या तीन शब्दांची आली.

तू डॉक्टर नव्हतास. तू मुकुंदवाडीतला मेडिकलवाला होतास. हे मी तुला जिवंतपणी निदान शंभर वेळा सुनावलं. तू दर वेळी हसून म्हणायचास, "आन् डॉक्टर कुठं हाय, शोभे? दावून दे, तिकडं धाडतो." आता हसायला तू नाहीस आणि मला ऐकवायला फ्लेक्सवरचा फोटो उरलाय.

काल तुझा तेरावा झाला. जेवायला दीडशे माणूस. बुंदीवर बुंदी वाढली जात होती आणि जो तो तुझ्या मरणाचं कारण सांगत होता. कुणी म्हणालं शुगर, कुणी म्हणालं किडनी, कुणी म्हणालं देवाला चांगलीच माणसं लागतात. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी आला होता, ज्यानं तुला आणि तुझ्यामार्फत मलाही भिंतीवरची घड्याळं दिली. अँटिबायोटिकचं नाव छापलेली. माझ्या स्वयंपाकघरात दहा वर्षं त्या नावाखालीच मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. तो रुमालानं डोळे टिपत वहिनीला म्हणाला, "भाऊंनी आमचं टार्गेट कधी चुकू दिलं नाही." वहिनीनं हात जोडले. मला वाटलं, पत्रावळीसकट याला उचलून रस्त्यावर ठेवावं.

आणि तेवढ्यात फुलंब्रीचे मामा मंजूला म्हणाले, "पोरी, घसा लई धरलाय सकाळधरनं. तुझ्या बापाच्या खणातून ती घशाची गोळी दे की. दोनच दे, दोनात भागतं माझं."

तुझ्या घरात, तुझ्या तेराव्याला, बुंदी खाता खाता. आणि तुझी मंजू, फार्मसी शिकलेली तुझी एकुलती एक लेक, डोळे पुसून उठली आणि कात्री शोधायला लागली.

मी म्हणाले, "मंजू, बस खाली." इतक्या जोरात म्हणाले की वाढपी थांबले. मामा म्हणाले, "हिला काय झालं?" मला काय झालं होतं ते मामांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते मंजूलाच सांगायचं होतं आणि त्या आधी, खरं तर, तुला सांगायचं होतं. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. म्हणून हे लिहितेय.

तुझ्या पायाच्या अंगठ्यावर शटर पडलं तेव्हा तू मला फोनसुद्धा केला नाहीस. अंगात शुगर, अंगठा काळानिळा, आणि तू गल्ल्यावर बसून स्वतःच स्वतःचा डॉक्टर. दोन दिवस एक गोळी, बरं वाटलं, बंद. परत सुजलं, तीन दिवस दुसरी. मग तिसरी, 'जरा भारीतली'. पंधरा दिवसांनी मला वास आला, तुला नाही. मी राखीला येऊन गेले होते तेव्हा तू मोजा घालून बसला होतास. वास लपवायला उदबत्ती लावली होतीस. मी विचारलं, तर म्हणालास, "सुकत आलंय."

मग ताप, मग थंडी, मग आमचंच रुग्णालय. तुझ्या जखमेचा पू माझ्याच टेबलावर आला. चिठ्ठीवर तुझं नाव छापलेलं होतं, वय, वॉर्ड, 'उजवा पाय'. मी दुसऱ्या कुणाला करायला देऊ शकले असते. दिलं नाही.

तुला हे काम कधी नीट सांगितलंच नाही मी. एका काचेच्या ताटलीत खिरीसारखं काहीतरी गोठवलेलं असतं, त्यावर रोग्याचे जंतू पसरायचे आणि वर औषधांच्या छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवायच्या, टिकलीएवढ्या. रात्रभर उबेत ठेवायचं. औषध चालत असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसतं, तिथं जंतू मेलेले असतात. चालत नसेल तर जंतू चकतीला खेटून वाढतात. एवढंच वाचायचं असतं. कडं आहे का, केवढं आहे.

तुझ्या ताटलीत एकाही चकतीला कडं नव्हतं. सगळी ताटली साय धरल्यासारखी दाट आणि त्यात त्या चकत्या बुडालेल्या. मी उजेडाकडं धरून बघितली, उलटी करून बघितली. मग परत पहिल्यापासून सगळं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. एक फार जुनं औषध उरलं होतं, ते वेगळ्या रीतीनं तपासलं, ते थोडं चालत होतं. पण ते मूत्रपिंडांना जड, आणि तुझी मूत्रपिंडं आधीच लंगडत होती. ते सुरू केलं आणि चौथ्या दिवशी थांबवावं लागलं.

त्या दिवशी तू मला विचारलंस, "शोभे, कोणती लागू पडायली रिपोर्टात?" मी म्हणाले, "यायचाय अजून." रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. तू म्हणालास, "दुकानातून ती जांभळ्या खोक्यातली आण. ती हमखास हाय." त्या जांभळ्या खोक्यातल्या औषधाची चकती तुझ्या ताटलीत दुसऱ्या ओळीत होती. जंतू तिच्यावर चढून बसले होते.

तू मेलास आणि मला रडू आलं नाही, राग आला. अजून उतरलेला नाही.

ती कात्री. गल्ल्याच्या कडेला सुतळीनं बांधलेली, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. नाक्यावरचा मजूर यायचा, ताप दाखवायचा, तू कपाळाला हात लावायचास. दहा गोळ्यांचं पाकीट काढायचास आणि कच्च. चार गोळ्यांचा तुकडा त्याच्या हाती, सहा परत खणात. "दोन दिवस घे. बरं वाटलं तर बंद कर, उगा पोट जाळू नको." हे तू त्याचं भलं म्हणून सांगायचास. त्या दोन दिवसांत काय होतं हे मला दिसायचं, मी सांगायचे, तू ऐकायचा नाहीस. लेचेपेचे जंतू मरतात, दांडगे राहतात, आणि त्या दांडग्यांनी औषधाची तोंडओळख करून घेतलेली असते. पुढच्या वेळी ते घाबरत नाहीत.

आणि तुझी ती युक्ती, जिचं सगळ्यांना कौतुक. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तू तुकड्याच्या काठाला कात्रीनं खाच द्यायचास. एक खाच म्हणजे दिवसातून एकदा, दोन म्हणजे दोनदा. तिरकी खाच, डावीकडं झुकलेली, कारण तू डावखुरा.

आता ऐक, जे मी तुला कधी सांगितलं नाही. रुग्णालयात डॉक्टर रोग्याला विचारतात, आधी कोणतं औषध घेतलं? माणसं खिशातून असे कापलेले तुकडे काढतात. त्यावर औषधाचं अर्धं नाव असतं, तारीख कापून गेलेली असते. कुणाला काही कळत नाही. मग कुणीतरी तो तुकडा आमच्या खिडकीशी घेऊन येतं, की बाई, हे कशाचं ते सांगता का. आणि काठाला डावीकडं झुकलेली खाच असायची. एकदा नाही, कितीदा तरी. मी तो तुकडा मुठीत घ्यायचे आणि म्हणायचे, "ओळखू येत नाही." खोटं. मला औषधही ओळखू यायचं आणि माणूसही. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तुला झाकलं, दादा. आणि वर तुझ्याशीच भांडायला यायचे. माझ्या त्या शहाणपणाची आता मला तुझ्या कात्रीइतकीच किळस येते.

तू वाईट नव्हतास. तू वाईट असतास तर हे सगळं किती सोपं झालं असतं. मी सहा वर्षांची, तापानं फणफणलेली, आई मला खांद्यावर टाकून फुलंब्रीला घेऊन गेली तेव्हा तू तिच्या पदराला धरून चालत होतास. डॉक्टर लग्नाला गेलेला. मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठी आणा. आईनं हात जोडले, तो आत जेवायला निघून गेला. मला यातलं काही आठवत नाही. तू मात्र ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीस की मला आता त्या माणसाच्या जेवणाचा वाससुद्धा आठवतो. गोष्टीचा शेवट ठरलेला, "माझ्या दुकानातून कुणीबी रिकामं जाणार नाय." म्हणजे ही कात्री माझ्या तापातून निघाली. मी काय बोलू?

पण तुझी दुसरी गोष्ट मी सोडणार नाही. जैतूनबी. सिल्लोडहून इथं नांदायला आलेली, तुझ्या दुकानामागच्या गल्लीत साड्यांना फॉल-पिको करून देणारी. माझ्या सगळ्या साड्यांची कड तिच्या हातची. तिला खोकला होता, तू तिला खोकल्याचं औषध आणि दोन दिवसांच्या भारी गोळ्या दिल्यास. ती आली, बरं वाटलं म्हणाली. महिन्यानं परत आली, परत दिल्यास. तो पावसाळा आणि तो हिवाळा असाच गेला. त्या गोळ्या क्षयाचा खोकला थोडा दाबतात, क्षय तसाच राहतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी थुंकीत रक्त आलं तेव्हा ती रुग्णालयात आली. क्षय होता, आणि साध्या औषधांना न जुमानणारा होता. तुझ्याच गोळ्यांनी तो तसा झाला हे मी सिद्ध करू शकणार नाही. उशीर मात्र तुझ्या गल्ल्यावर झाला. मग महिनोन्‌महिने इंजेक्शनं. जीव वाचला आणि कान गेले. त्या वेळच्या त्या इंजेक्शनांनी जायचे.

आणि मग तू काय केलंस? दीड वर्ष रोज सकाळी तिला दुकानात बोलावून, समोर पाण्याचा पेला धरून, तिच्या क्षयाच्या सगळ्या गोळ्या तिला गिळायला लावल्यास. एक दिवस आली नाही तर शटर अर्धं ओढून तिच्या दारात जायचास. दवाखान्याच्या मॅडमनी तुझं कौतुक केलं, तू मला फोन करून सांगितलंस. मलाही त्या दिवशी तुझा अभिमान वाटला. आजही वाटतो. ती बाई जिवंत आहे ती तुझ्यामुळं.

पण दादा, त्या पाकिटांना तू एकदाही कात्री लावली नाहीस. शेवटची गोळी पोटात गेल्याशिवाय तिला सोडलं नाहीस. म्हणजे तुला कळत होतं. तू अडाणी असतास तर मी तुला कधीच माफ केलं असतं. तुला कळत होतं, आणि शेजारच्याच खणातली दुसरी पाकिटं तू कच्चकच्च कापत होतास.

गेल्या वर्षी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. थंडगार हॉल, पडद्यावर जगाचा नकाशा, जिथं औषधं चालेनाशी झाली तिथं गडद रंग. मोठी माणसं सांगत होती, नवी औषधं शोधायला वर्षानुवर्षं जातात, सगळ्या देशांनी मिळून काय करायचं ते. खरंच चांगली माणसं होती, कळकळीनं बोलत होती. मी नकाशात बघत होते आणि मला त्यात सुतळीला लटकलेली तुझी कात्री दिसत होती. एकटी तुझीच होती असं नाही. साध्या सर्दीला तीन-तीन अँटिबायोटिकं लिहिणारे डॉक्टर आहेत, त्यांची पॅडं तुझ्या गल्ल्यावर पडलेली असायची. कोंबड्यांच्या पाण्यात तीच औषधं ओतणारे आपले पाव्हणे आहेत. मधल्या सुट्टीत त्याच हॉलमध्ये एकानं मला विचारलं, "मॅडम, घसा बसलाय, आहे का काही पर्समध्ये?" आणि माझ्या पर्समध्ये होतं. तूच दिलेलं. मी दिलं.

आपली भाऊबीज. दुसऱ्यांचे भाऊ साडी देतात. तू साडी द्यायचास आणि वर औषधांची पिशवी. वर्षभराची. तुझ्या अक्षरात खाकी पाकिटं, 'ताप', 'जुलाब', 'घसा – २ दिवस', 'लघवीची जळजळ – २ दिवस'. मी ओवाळायचे, तुझ्याशी भांडायचे, "हे देऊ नकोस मला, मी रोज काय बघते तुला कल्पना नाही." तू म्हणायचास, "घरात आसू दे, येळ सांगून येत नाय." आणि मी पिशवी घेऊन सिडकोला घरी यायचे. दर वर्षी. आणि वापरायचे. रांगेत उभं राहायचा मलाही कंटाळा. आमच्याच रुग्णालयातली रांग, आणि मलाच कंटाळा.

तर, तेराव्याला पाव्हणे पांगल्यावर दुपारी मी मंजूला आतल्या खोलीत बसवलं आणि तुझा रिपोर्ट पर्समधून काढून तिच्यापुढं ठेवला. चकत्यांच्या सगळ्या औषधांपुढं ओळीनं एकच शेरा, 'चालत नाही'. ती शिकलेली आहे, समजावून सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. मग मी खाचांचं सांगितलं. जैतूनबीचं सांगितलं.

मला वाटलं, ती रडेल. ती भडकली. "आत्या, हे तू आत्ता सांगायलीस? बाबा असताना तोंड शिवलं होतं का तुझं?"

मी म्हणाले, "भांडायचे मी त्याच्याशी."

"भाऊबीजेला भांडायचीस आन् पिशवी घेऊन जायचीस. मी दारात सोडायला यायचे तुला, पिशवी माझ्या हातात असायची. उद्या मी दुकान उघडणार हाय. पहिलाच माणूस दोन दिवसांच्या गोळ्या मागंल. मी नाय म्हणाले तर तो शेजारी जाईल, आन् सगळे म्हणतील बापाचं नाव घालवलं. तवा तू कुठं असशील? लॅबमध्ये?"

ती तुझीच पोर आहे, शेवटचा शब्द तिचाच. दारातून बाहेर पडताना म्हणाली, "सकाळी ये दुकानात. नुसतं घरात बसून शहाणपण नको."

म्हणून आज मी रजा टाकली. निघताना कपाटातून गेल्या भाऊबीजेची पिशवी बरोबर घेतली. कचऱ्यात टाकता येत नाही, मोरीत ओतता येत नाही, पाण्यात गेली तरी तोच घोळ. रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीत, जाळायला जाणाऱ्या कचऱ्यात, टाकायची ठरवली. नऊ वाजता मंजूनं शटर वर केलं, तुझ्या फोटोला हार घातला आणि गल्ल्यावर बसली. मी तिच्याशेजारी उभी. कात्री सुतळीला लटकत होती.

पहिलं गिऱ्हाईक कोण यावं? जैतूनबी. मागं नाक्यावरचे चार-पाच जण. तिनं तुझ्या फोटोकडं बघून कपाळाला हात लावला, डोळे पुसले. मग पदराच्या गाठीतून एक जुना तुकडा काढून मंजूपुढं ठेवला. रिकामा, चार घरं फुटलेली, काठाला दोन खाचा, डावीकडं झुकलेल्या. ऐकू येत नसल्यामुळं ती बोलते ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. "बेटा, बहूकू बुखार है. पेशाब में जलन. ऐसीच दो दिन की दे. तेरे अब्बा देते थे."

मागचे लोक हसले. मंजूचा हात, दादा, आपोआप कात्रीकडं गेला. मग तिथंच थांबला, आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "जैतूनबी, दोन दिवसांच्या गोळ्या देत नाहीत आता." तिनं कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं म्हणाले. तिनं मान हलवली. जी गोष्ट मी तीस वर्षं मुठीत दाबली, ती मला आता तुझ्या दुकानासमोर, तुझ्या फ्लेक्सच्या समोर, ओरडून सांगावी लागणार होती. दुसरा उपाय नव्हता, तिचे कान आपणच घालवले होते.

मी ओरडले. "दादा ग़लत देता था! दो दिन की दवा से बीमारी पक्की होती है! दादा खुद उसी से मरा! तेरा खाँसी का बी उसी से बिगड़ा! मेरेकू मालूम था, मैं चुप बैठी!"

नाक्यावरचा एक जण "ह्या बाईला आवरा" असं काहीतरी पुटपुटला. मंजू रडत होती. मला वाटलं ही बाई आता माझ्या थोबाडीत देईल, आणि देईना का.

जैतूनबीनं माझ्या ओठांकडं बघत सगळं वाचलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "चिल्ला नक्को. मालूम है मेरेकू. दवाखाने की मैडम ने कबकाच समझाया. पर वो अपने हाथ से देता था, शोभा. बाकी के तो बोलते, दूर खड़ी रह."

ती पुढं म्हणाली, "नै देती ना गोली? तो चल मेरे साथ. वहाँ खिड़की पे क्या बोलते, मेरेकू सुनाई नै देता. बहू शरमाती है. तू चल."

मंजूनं गल्ल्यावरून मान वर केली. "जा, आत्या," म्हणाली. "मी बघते इथं." मागच्या माणसानं तापाची गोळी मागितली, तिनं तापाची साधी गोळी दिली आणि दुसऱ्या औषधाला नाही म्हणाली. तो चिडला आणि शेजारी गेला. ती बसून राहिली.

मी गेले. सून घाबरलेली, तोंडावर ओढणी. तीन तास रांगेत उभी राहिले दादा, जन्मात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, मग आमच्या लॅबची. पंखा नाही, बसायला बाक नाही, एक बाई भिंतीला टेकून झोपली होती. आतून ही रांग मला नेहमी नुसती माणसांची गर्दी वाटायची. जैतूनबी मधेमधे माझ्याकडं बघून मान हलवत होती, जणू विचारत होती, कळलं? कळलं. तुझ्या नाक्यावरच्या माणसाचा एक रोज इथं बुडतो. तुझं तेवढं बरोबर होतं आणि तेवढंच बरोबर होतं. उद्या मी त्या बाकासाठी अर्ज देणार आहे. हसू नकोस.

आत्ता संध्याकाळी घरी येऊन लिहितेय. घड्याळ भिंतीवरून काढून ठेवलं, भिंतीवर गोल पांढरा डाग राहिलाय. तुझी पिशवी पिवळ्या पिशवीत गेली. तुझ्या अक्षरातली पाकिटं मी आधी रिकामी करून घेतली, ती ठेवलीत. 'घसा – २ दिवस'. तुझा राग येतो आणि हे अक्षर टाकवत नाही.

सुनेच्या लघवीची ताटली उबेत ठेवूनच आले. एक रात्र जंतू वाढायला, दुसरी चकत्यांना; परवा सकाळी मीच उघडणार आहे. चकत्यांभोवती कडं दिसलं तर तुला सांगेन. नाही दिसलं तरी सांगेन, आणि मग तुझ्या दुकानात जाऊन मंजूला आणि जैतूनबीला सांगेन, ओरडून.